नवव्या प्रश्नानंतर



संयोजकांनी आम्हाला विषय दिला आहे तो असा: 'सामुदायिक मानसिक आरोग्य, प्रशिक्षण आणि करिअरच्या वाटा'. असा विषय दिला की वक्त्यानं कोर्सची यादी वाचायची, 'या क्षेत्रात संधी भरपूर आहेत' असं म्हणायचं आणि खाली बसायचं, अशी पद्धत आहे. यादी आम्हीही देऊ, शेवटी देऊ. पण त्याआधी या प्रशिक्षणाची जरा समीक्षा करू. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते. मग माणसाचं दुःख ऐकायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणाची का होऊ नये? नाटक पडलं तर तिकिटाचे पैसे जातात. इथं प्रशिक्षण पडलं तर काय जातं, हे किनवट तालुक्यात आम्ही सांगायची गरज नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात १ लाख ७० हजारांवर आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातल्या. सगळ्या राज्यांत आपण पहिले. हा पहिला नंबर कुणाला नको असतो.

समीक्षा कशाची करायची? एक कागद घेऊ. इथल्या प्रत्येक आशाताईच्या ओळखीचा कागद: सीबॅक फॉर्म. तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा भरायचा. तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असं विचारत विचारत आपण शेवटाकडं येतो आणि तिथं मनाचे दोन प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत काही करण्यात रस वाटला नाही, आनंद वाटला नाही, असं किती वेळा झालं? आणि मन खचलं, उदास वाटलं, काही आशा उरली नाही, असं किती वेळा झालं? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज तीनच्या वर गेली की समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडं किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याकडं पाठवायचं.

हे दोन प्रश्न आले कुठून? 'पीएचक्यू-नऊ' नावाची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. अमेरिकेत तयार झाली, २००१ साली प्रसिद्ध झाली, आज जगभर वापरतात. त्यातले पहिले दोन प्रश्न आपल्या फॉर्मात आले. नववा प्रश्न आला नाही. नववा प्रश्न आहे मरणाचा: मेलेलं बरं, किंवा स्वतःला काही इजा करावी, असे विचार येतात का?

दोनच प्रश्न ठेवले यात आम्हाला गैर वाटत नाही. एका आशाताईनं किती विचारायचं याला मर्यादा आहे. अडचण वेगळी आहे. फॉर्म दोन प्रश्नांवर थांबतो, माणूस थांबत नाही. समजा, ताईंनी दुसरा प्रश्न विचारला, "मन खचल्यासारखं वाटतं का?" आणि ओसरीवर बसलेली बाई म्हणाली, "ताई, खरं सांगू का, आता जगूच वाटंना." न विचारलेल्या नवव्या प्रश्नाचं उत्तर आलं. आता? फॉर्मात त्याला रकाना नाही. पेन हातात धरून ताई बसल्या आहेत. पुढची पाच मिनिटं त्या काय बोलतील, काय बोलणार नाहीत, उठून जातील की बसतील, यावर बरंच काही ठरणार आहे. आमची समीक्षा या पाच मिनिटांची आहे. त्यांच्यासाठी प्रशिक्षणानं ताईंना काय दिलं?

बहुतेक वेळा उत्तर येतं: माहिती दिली. नैराश्याची लक्षणं दिली, स्लाइडवर मेंदूचं चित्र दाखवलं, हजेरीपटावर सही घेतली, जेवण दिलं, फोटो काढला. माहिती वाईट नाही, हवीच. पण पोहायला शिकवताना नदीची खोली आणि पाण्याचा वेग फळ्यावर लिहून दाखवला, आणि मग सांगितलं की जा आता सहस्रकुंडाला, असं करून कुणी पोहायला शिकत नाही.

मग शिकतात कशानं? याचं उत्तर आपल्या शेजारीच सापडतं, गोव्यात. तिथं 'संगाथ' नावाची संस्था आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं एक उपचारपद्धत तयार केली. नैराश्य बरंच तीव्र असलेल्या माणसाला सहा ते आठ भेटी द्यायच्या. प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. भेटीतलं मुख्य सूत्र साधं आहे. मन खचलं की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. शेताला चक्कर मारणं सोडतो, भजनाला जाणं सोडतो, शेजारी बसणं सोडतो. सोडलं की अजून खचतो. हा फेरा लहान लहान कृतींनी उलटा फिरवायचा. आणि या भेटी देणार कोण? मानसशास्त्राची कुठलीही पदवी नसलेली, शालेय शिक्षण झालेली स्थानिक माणसं. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत जवळपास पाचशे रुग्णांवर हे तपासलं गेलं आणि २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी, ज्यांना या भेटी मिळाल्या त्यांच्यापैकी ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. ज्यांना फक्त नेहमीची, जरा सुधारलेली सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के.

हा आकडा आता सगळ्या भाषणांत येतो. 'बघा, दहावी-बारावी झालेला माणूसही करू शकतो' असं म्हणून टाळ्या पडतात. इथं आमचा आक्षेप आहे. हा निष्कर्ष अर्धाच वाचला जातो. त्या माणसांना शिकवलं कसं, हे कुणी वाचत नाही. आधी तीन आठवड्यांची कार्यशाळा. त्यानंतर कित्येक महिने उमेदवारी, म्हणजे खऱ्या रुग्णांसोबत, पण कुणीतरी पाठीशी असताना काम. आणि त्याच्याही नंतर, काम चालू असताना दर आठवड्याला सगळ्या समुपदेशकांनी एकत्र बसायचं. रुग्णाच्या परवानगीनं भेटीचं ध्वनिमुद्रण केलेलं असतं, ते ऐकायचं. कुठं घाईनं सल्ला दिला, कुठं ऐकून घेतलं, यावर एकमेकांना गुण द्यायचे, चर्चा करायची. सुरुवातीला तज्ज्ञ असत, पुढं समुपदेशक स्वतःच ही बैठक चालवत. आणि सहकाऱ्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात, हेही त्यांनी तपासून दाखवलं.

म्हणजे त्या ६४ टक्क्यांमागं ही बैठक आहे. आपण मात्र कार्यशाळा उचलतो, तीही छाटून काही दिवसांची करतो, आणि बैठक तिथंच सोडून येतो. शिंप्याकडं पोरगं शिकायला ठेवलं तर उस्ताद आधी काजं-बटणं करायला लावतो, मग कापड कापू देतो, आणि कात्री चुकली की हात धरतो. त्याला आपण उमेदवारी म्हणतो. कापडासाठी आपण इतकी काळजी घेतो. माणसाच्या मनासाठी दोन दिवसांत प्रमाणपत्र.

आता कुणी म्हणेल, हे गोव्यात चालतं, तिथं अंतरं लहान, संस्था मोठी. ठीक आहे, महाराष्ट्रात येऊ. जामखेड. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं काम सुरू केलं. मराठवाड्याच्या सीमेवरचा दुष्काळी तालुका. गावातल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्यांचं प्रशिक्षण किती दिवसांचं होतं? या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण ते संपत नव्हतं. दर आठवड्याला त्या केंद्रावर यायच्या, आपल्या गावात काय घडलं ते सांगायच्या, एकमेकींकडून आणि डॉक्टरांकडून शिकायच्या आणि परत जायच्या. वर्षानुवर्षं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या आरोग्यदूतांनी नवजात बाळं वाचवली, तिथंही शिकवणं आणि पाठीशी उभं राहणं वेगळं नव्हतं. तेव्हा ही परदेशी कल्पना नाही. आपल्याच मातीत पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध झालेली गोष्ट आहे, आपण ती मानसिक आरोग्याच्या वेळी विसरतो.

विदर्भातलाही दाखला घेऊ. अमरावती जिल्ह्यातल्या गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर. तिथं गावपातळीवरचे कार्यकर्ते घरोघरी गेले, बोलले. नैराश्य असलेल्यांपैकी कुणाकडं तरी मदत मागायला गेलेल्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, दीड वर्षानं ते २७.२ टक्के झालं. सहापट. मोठं यश आहे, आम्ही ते कमी लेखत नाही. पण समीक्षकाचं काम उरलेला आकडा वाचण्याचंही असतं. इतकं करूनही दर चारातले जवळजवळ तीन जण कुणाकडंच गेले नाहीत. तिथं कार्यकर्ते होते, प्रकल्प होता, निधी होता. म्हणजे 'जागृती करा' एवढ्यानं भागत नाही. लोकांनी जायचं तर जाण्यासारखं कुणीतरी जवळ, कायम, असायला पाहिजे.

आणि इथं इस्लापूरचा भूगोल मध्ये येतो. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं कुठं आहेत? ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. त्यात मराठवाडा नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे, पण त्याचं नाव 'जिल्हा' आहे आणि तो मुख्यतः जिल्ह्याच्या ठिकाणी दिसतो. इथून नांदेडला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस, एकाची मजुरी बुडते, सोबत आलेल्याची बुडते, गाडीभाडं वेगळं. मग आपण फॉर्मवर 'संदर्भित केले' लिहितो तेव्हा नक्की काय केलेलं असतं? एका बाईला दिवसाचा खर्च सांगितलेला असतो.

दुसरा आक्षेप भाषेचा. प्रशिक्षणाच्या पुस्तिका बघा. 'नैराश्य', 'अवसाद', 'चिंताविकृती', 'आत्मसन्मानाचा अभाव'. आपल्याकडं कुणी असं बोलतं का? आपल्याकडं म्हणतात, 'करमंना', 'कशातच मन लागंना', 'डोक्यात लई इचार यायलेत', 'झोप म्हणून नाही', 'छातीत धडधड व्हायली', 'त्यानं हाय खाल्ली'. या प्रत्येक शब्दामागं वेगळी अवस्था आहे. हाय खाणं म्हणजे नुसतं दुःख नव्हे, त्यात आलेला धक्का आहे आणि तो धक्का पचला नाही हेही आहे. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 'फ्रेंडशिप बेंच' सुरू केला, दवाखान्याबाहेर बाक टाकला आणि त्यावर आज्या बसवल्या. त्या कामात त्यांनी इंग्रजी शब्द बाजूला ठेवला आणि तिथल्या शोना भाषेतला लोकांचाच शब्द घेतला: 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार करणं. आपल्या 'लई इचार यायलेत'चा सख्खा भाऊच म्हणा ना. आपल्याला पुस्तिकेसाठी शब्द शोधायला लांब जायचं नाही, ओसरीवर जायचं आहे. शिवाय इथं तांड्यावर गोरमाटी बोलतात, गुड्यांवर गोंडी आणि कोलामी, सीमेकडं तेलुगू. मनातलं माणूस आईच्या भाषेत बोलतो. म्हणून आमचं म्हणणं, तांड्यावरची पोरगी तांड्यासाठी तयार झाली पाहिजे. तिथं तिची भाषा हीच तिची पहिली पात्रता.

तसंच भगताचं. घरात कुणाला त्रास झाला की आधी 'बाहेरचं' बघतात, भगताकडं नेतात. प्रशिक्षणात यावर एक वाक्य असतं, 'अंधश्रद्धेपासून दूर राहा'. हे वाक्य ऐकलं की घरचे गप्प होतात आणि पुढच्या वेळी ताईंपासून लपवून जातात. ताईंनी भांडण करण्यापेक्षा 'तिकडं जा, पण उद्या दवाखान्यातही चला, मी येते सोबत' म्हणणं जास्त उपयोगाचं. मात्र मारहाण, साखळदंड असेल तिथं गप्प बसायचं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला बंदी केली आहे आणि अघोरी प्रकारांसाठी राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याच २०१७ च्या कायद्यानं असंही मानलं आहे की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली असतो. त्याला शिक्षा करायची नाही, आधार द्यायचा. हे घरच्यांना माहीत नसतं, 'पोलीस केस होईल' या भीतीनं ते माणसाला दवाखान्यातच आणत नाहीत. ही एक गोष्ट गावात पोचली तरी खूप होईल.

तिसरा आक्षेप तुमच्यातलेच काही जण मनात घेत असतील. सोयाबीनला भाव नाही, कापूस भिजला, सावकार दारात, आणि तुम्ही समुपदेशन करता? आक्षेप रास्त आहे. कर्जाचं उत्तर श्वासाच्या व्यायामात नाही. पण यातून 'समुपदेशन नको' असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा, की या कामाच्या प्रशिक्षणात सातबारा, पीक विमा, संजय गांधी निराधार योजना आणि दिव्यांग प्रमाणपत्र यायला पाहिजे. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, हे किती घरांना ठाऊक आहे? पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्रानं नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' प्रकल्प सुरू केला. त्यात गावातलेच कार्यकर्ते समुपदेशनाच्या काही भेटीही देतात आणि सरकारी योजनेचे कागद करायलाही मदत करतात. पुढं तो गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात गेला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली चांगल्या नमुन्यांत त्याची नोंद घेतली. खचलेल्या माणसाला तहसीलची पायरी एकट्यानं चढवत नाही. सोबत जाणं हाही उपचाराचाच भाग आहे.

आता करिअर. पोरांनो, तुमच्याशी सरळ बोलतो. वाटा आहेत. बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू करून समाजकार्याकडून या क्षेत्रात येता येतं. त्यासाठी मुंबईलाच जायला पाहिजे असं नाही, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे, तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे. मानसशास्त्रात एमए करून पुढं भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण घेतलं, तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता येतं. नर्सिंगमधून मानसोपचाराकडं वळता येतं. कुठलाही कोर्स घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: यात उमेदवारी किती तासांची, आणि ती कुणाच्या हाताखाली? उत्तर गुळमुळीत आलं तर फी भरू नका.

पण गावात राहून हे काम करायचं म्हटलं तर पद कुठं आहे? इथं आमची टीका सगळ्यांत कडक आहे. २०२१ साली संसदेनं सहबद्ध आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, त्यात समुपदेशनासारख्या व्यवसायांनाही जागा दिली. तो कायदा किमान दोन हजार तासांच्या शिक्षणाची भाषा बोलतो. म्हणजे शहरातल्या खुर्चीसाठी हजारो तास, आणि ओसरीवरच्या आशाताईसाठी काही दिवस, तेही कामावर आधारित मोबदल्यावर, 'स्वयंसेविका' म्हणून. सगळ्यांत अवघड प्रसंग जिच्या वाट्याला, तिला सगळ्यांत कमी शिक्षण आणि सगळ्यांत कमी पैसा. हे उलटं आहे. आणि हे उलटं ठेवून 'ताई, तुम्हीच खऱ्या देवदूत' असं म्हणणं आम्हाला शोभत नाही. देवदूताला पगार द्यावा लागत नाही, म्हणून तो शब्द सोयीचा आहे.

मग मागायचं काय? आमचं मागणं लहान आहे आणि नेमकं आहे. एक, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रावर आठवड्यातून अर्धा दिवस बैठक, पाच-सहा ताई आणि समुदाय आरोग्य अधिकारी मिळून. अवघड भेटींची चर्चा करायची, नावं घ्यायची नाहीत. महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकानं तिथं यायचं, निदान फोनवर तरी बसायचं. दोन, या अर्ध्या दिवसाचे पैसे. तीन, हजेरी मोजू नका, कौशल्य मोजा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 'इक्विप' नावाची साधनं त्यासाठीच केली आहेत. एकीनं दुःखी माणसाची भूमिका करायची, दुसरीनं बोलायचं, तिसरीनं तपासायचं. त्यासाठी हॉल लागत नाही, झाडाची सावली पुरते.

आणि तोवर? तोवर त्या पाच मिनिटांसाठी एवढं लक्षात ठेवा. 'जगू वाटंना' असं कुणी म्हणालं तर उठू नका. पेन खाली ठेवा. सरळ विचारा, "मरणाचे विचार येतात का?" विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं. 'असं बोलू नये', 'लेकरांकडं बघ' हे लगेच म्हणू नका, आधी ऐका. विचार पक्का वाटला तर त्या माणसाला एकटं सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध दुसऱ्याच्या घरी, कुलपात हलवायला लावा. त्या माणसाला सांगून घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सोबत घ्या. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावा, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे. आणि दवाखान्यात सोबत जा. दुसऱ्या दिवशी परत जा. हे दुसऱ्या दिवशीचं जाणं कुठल्याच फॉर्मात नाही.

आणि घरी आल्यावर तुम्ही स्वतः कुणाशी तरी बोला. ऐकणाऱ्यालाही ऐकणारं माणूस लागतं, त्या बैठकीचं अर्धं काम तेच आहे. आज इथं वीस-पंचवीस ताई बसल्या आहेत. पुढच्या आठवड्यात त्यातल्या पाच जणी एकत्र बसल्या, तर इस्लापुरात उमेदवारी सुरू झाली असं आम्ही धरू. ती पगारी करून घेणं मग आपल्या सगळ्यांचं काम.

प्रश्न असतील तर विचारा. आम्ही इथंच थांबतो.